गुजरीतलं गाढव

तिसरं कुलूप लागलं तेव्हा अण्णा त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

"आता कशी निघते बघू पोरगी!" माझ्याकडे वाकून ते म्हणाले.

रंगमंचावर पितळी पट्ट्यांची एक काळपट सागवानी पेटी होती आणि पेटीत ललिता नावाची सतरा वर्षांची मुलगी होती. पहिलं कुलूप जादूगाराने स्वतः लावलं होतं, दुसरं प्रेक्षकांतल्या एका वकिलांनी आणि तिसरं पहिल्या रांगेतल्या फौजदारसाहेबांनी. किल्ली खिशात टाकून फौजदारसाहेब ऐटीत खाली उतरले आणि कोल्हापुरातलं ते भरगच्च नाट्यगृह टाळ्यांनी दणाणलं. एकोणीसशे शहात्तर सालच्या नवरात्रातला रविवार होता. दुपारचा साडेतीनचा खेळ.

अण्णा हसले आणि माझा जीव भांड्यात पडला.

अण्णा म्हणजे माझे वडील, शंकर वेदपाठक. विट्यात मुख्याध्यापक होते. माझं लग्न होऊन आठ महिने झाले होते आणि त्यातले सात महिने अण्णा आमच्यावर रुसलेले होते. कारण साधं होतं. स्थळ आणणाऱ्या माणसाने सांगितलं होतं, "मुलाचं कोल्हापुरात गुजरीत स्वतःचं दुकान आहे." गुजरी म्हणजे सोनारांची पेठ. आम्हीही जातीने सोनार. अण्णांनी दुकान सोन्याचं असणार असं धरून टाकलं आणि विचारलंच नाही. लग्नानंतर महिन्याभराने ते पहिल्यांदा आले, तर दारावर पाटी होती, 'पोतदार मायाजाल भांडार', आणि पाटीवर उलट्या टोपीतून डोकावणारा पांढरा ससा.

"हा ससा कसला?" अण्णांनी विचारलं होतं.

"तो गिऱ्हाइकांना आवडतो," हे म्हणाले होते.

'हे' म्हणजे माझे यजमान, भालचंद्र पोतदार. नाव आज लिहितेय, तोंडाने कधी घेतलं नाही.

सासऱ्यांच्या वेळी ते दुकान सोन्याचंच होतं. पुढे सोन्याचा कायदा आला, शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी झाली आणि गुजरीतल्या निम्म्या भट्ट्या विझल्या. कोणी भाजी विकायला लागलं, कोणी गिरणीत गेलं. ह्यांचं तेव्हा वय वीस. एका फिरत्या जादूगाराने तुटलेली पितळी नळी जोडून घ्यायला आणली. ह्यांनी ती अशी जोडली, की सांधा त्या जादूगारालाच सापडेना. त्याने आणखी दोन वस्तू आणल्या, मग त्याचे दोस्त यायला लागले. कानातल्या कुड्यांची मळसूत्रं करणारे हात खोट्या तळाचे डबे करायला लागले.

मी आले तेव्हा दुकानात काय नव्हतं? एकातून एक निघणारे रेशमी रुमाल, काठीची होणारी फुलं, कितीही ओतलं तरी न संपणारा पाण्याचा तांब्या, एकमेकांत अडकणाऱ्या आणि सुटणाऱ्या कड्या. गिऱ्हाईकही तऱ्हेतऱ्हेचं. कॉलेजातली पोरं, स्नेहसंमेलनासाठी काहीतरी शोधणारे शिक्षक, सर्कशीतली माणसं. प्रत्येक जण आधी विचारायचा, "हे होतं कसं?" आणि हे प्रत्येकाला सांगायचे, "विकत घ्या, मग सांगतो. आणि एकदा कळलं की तुम्हीच दुसऱ्याला सांगणार नाही."

माझ्याशी बोलणं लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात झालं होतं. "हेमा," हे म्हणाले होते, "मी दुकानात काय करतो ते सगळं बघ. कसं चालतं ते विचारू नकोस. ते माझं नाही. ज्याने वस्तू घेतली त्याचं आहे."

मला राग आला होता. बायकोला न सांगण्यासारखं काय असतं त्यात? पण मी विचारलं नाही. ही पेटी त्याच उन्हाळ्यात दुकानामागच्या खोलीत तयार झाली. तीन महिने ताडपत्रीखाली होती. त्या पितळी पट्ट्या आणि आत बसवायच्या दोन पितळी खिट्या चिंच लावून मीच घासल्या होत्या, लाकडावर काळं पॉलिशही मीच चोळलं होतं. पेटी नेली जादूगार मृगेंद्र यांनी. खरं नाव यशवंत मृगे, गाव गडहिंग्लजकडचं, नाव त्या वेळी सगळ्या दक्षिण महाराष्ट्रात गाजत होतं. ललिता त्यांच्या वारलेल्या भावाची मुलगी.

तर अण्णा, माझी अक्का आणि बँकेत अधिकारी असलेले दाजी अंबाबाईच्या दर्शनाला आले होते. मृगेंद्रांनी पास दिले होते. "अण्णांना खेळ बघू द्या," मी ह्यांना म्हटलं होतं, "तुमच्या धंद्यात किती कला आहे ते त्यांना कळेल तरी." पेटी तुम्हीच केलीत हे त्यांना सांगा, असंही म्हटलं. ह्यांनी नुसती मान हलवली. नाही म्हणून.

आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो होतो. कडेला हे, मग मी, अण्णा, अक्का आणि दाजी.

मृगेंद्रांनी पेटीवर लाल शाल टाकली. अकरा तलवारी मांडलेल्या होत्या, त्यातली पहिली उचलली. वाद्यवृंद थांबला. ते तलवार घेऊन पेटीजवळ गेले आणि उभे राहिले.

"मंडळी," ते म्हणाले, "ही तलवार खरी आहे."

हे त्यांनी आधीच एकदा सांगितलं होतं. पुन्हा एका कलिंगडावर वार करून दाखवला. पुन्हा पेटीजवळ गेले. थांबले. तलवार खाली ठेवली, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "मंडळी, कोल्हापूरकर म्हणजे पारखी माणसं…" मग कोल्हापूरची तारीफ सुरू झाली. तालमी झाल्या, मिसळ झाली.

"लांबण लावतोय," दाजी पलीकडून म्हणाले.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खुर्चीच्या अगदी पुढच्या काठावर आले होते. एकटक पेटीकडे बघत होते.

"आपल्यापैकी कोणी शहाणा माणूस आहे का," मृगेंद्रांचा आवाज जरा चढला, "ज्याला वाटतं ही सगळी लबाडी आहे?"

पुढच्या क्षणी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

"आहे! मी आहे!" हे ओरडले. असा आवाज मी ह्यांचा कधी ऐकला नव्हता. घशातून काढलेला, फाटका. "लबाडी आहे सगळी! पेटीत पोरगी न्हाईच! पैसं परत द्या लोकांचं!"

सगळं नाट्यगृह वळून बघायला लागलं. हे मधल्या वाटेने झोकांड्या खात निघाले. पायऱ्या चढताना अडखळून पडले. टोपी एकीकडे, चप्पल दुसरीकडे. मागून कोणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो तर गुजरीतला पोतदार! दुपारच्यालाच चढवली जणू!"

हशा पिकला.

ज्या पेटीवर तीन महिने घालवले, तिलाच हा माणूस लबाडी म्हणतो? आणि दारू? ह्यांनी सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नव्हतं. मी अण्णांकडे बघायचं धाडस केलं नाही.

"या पाहुणे, या," मृगेंद्र म्हणाले. "पेटी तपासायचीय? तपासा की."

हे पेटीवर पालथे पडले, तिला मिठी मारली आणि कान लावला. "हितं कोणच न्हाई!"

"अहो, पेटीशी लग्न लावताय की काय? घरी बायको आहे ना?"

पुन्हा हशा. लोक माझ्याकडे बोटं दाखवत होते. अक्काने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"पाहुण्यांच्या डोक्यात फार संशय आहे," मृगेंद्रांनी ह्यांच्या डोळ्यांपुढे हात फिरवला. "आता ही माझी मोहिनी. एक, दोन, तीन. तुम्ही आता माणूस नाही. तुम्ही आहात गाढव!"

आणि माझा नवरा, सातशे माणसांसमोर, माझ्या वडिलांसमोर, हातापायांवर रांगायला लागला.

तो गाढवासारखा ओरडला. लोकांनी खुर्च्या बडवल्या. ओरडत ओरडत तो पेटीभोवती फिरला, पेटीला अंग घासलं, डोकं घासलं, मागच्या बाजूला जाऊन लाथा झाडल्या. मृगेंद्र शाल फडकवत त्याला हाकत होते, "हुर्र! हुर्र!" पोरं शिट्ट्या मारत होती. तो पेटीच्या पायाशी लोळला, उठला, पुन्हा ओरडला, पुन्हा तोंड पेटीला लावून गवत चरल्यासारखं केलं. माझ्या पुढच्या बाई हसून हसून डोळे पुसत होत्या.

किती वेळ? चार मिनिटं, पाच मिनिटं. मला ते पाच तास वाटले. मी मांडीवरच्या पदराच्या दशा ओढत बसले होते.

मग एकाएकी मृगेंद्रांनी टाळी वाजवली. "जा! झालास माणूस!" हे उठले, बावळटासारखं इकडेतिकडे पाहिलं, चप्पल गोळा केली आणि पायऱ्यांवरून उतरून मागच्या दाराने बाहेर निघून गेले. आमच्याकडे आलेच नाहीत.

यानंतर खेळ नुसता धावला. अकरा तलवारी एकामागून एक पेटीत गेल्या. तलवारी काढल्या, फौजदारसाहेबांनी कुलूप उघडलं, पेटी रिकामी. आणि थोड्या वेळाने प्रेक्षागृहाच्या मागच्या दारातून हाक आली, "काका, मी इथं आहे!"

सगळे उठून उभे राहिले. ललिता मधल्या वाटेने रंगमंचाकडे चालत आली. ह्यांची खुर्ची रिकामी असल्यामुळे ती माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. ती हसत होती, हात जोडत होती. मी टाळ्या वाजवत नव्हते म्हणून असेल, मला तिचे ओठ दिसले. निळसर पडले होते. केस घामाने कपाळाला चिकटले होते. आणि जोडलेल्या हातांच्या बोटांची पेरं सोललेली होती.

पाहिलं मी ते सगळं. पण तेव्हा माझ्या डोक्यात फक्त गाढव होतं.

घरी आलो तेव्हा हे आमच्या आधी पोचले होते. चहा टाकून ठेवला होता. अण्णांनी कपाला हात लावला नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही दारू पिता?"

"नाही, अण्णा."

"मग आज काय होतं ते?"

हे खाली बघत राहिले. "चुकलं. मोह झाला. रंगमंच दिसला की कधीकधी…"

"मोह!" अण्णांचा आवाज वाढला नाही. शाळेत ते कधी ओरडत नसत, हळू बोलले की पोरं जास्त घाबरत. "तुम्हाला मोह झाला आणि माझ्या मुलीकडे लोकांनी बोटं दाखवली. तुमच्या सशावर मी काही बोललो नाही. धंदा धंदा आहे. पण माणसाने स्वतःचं इतकं हसं करून घ्यावं?"

दाजी खाकरले. "अहो, उद्या माझ्या शाखेत हा विषय होईल. आमच्या इथल्या शाखेतली निम्मी माणसं होती तिथं."

"माझं चुकलं," हे पुन्हा म्हणाले. बस, एवढंच.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "हेमे, सकाळच्या सातच्या गाडीने आम्ही निघतोय. तू पिशवी भर. काही दिवस विट्याला राहा. पुढचं पुढे बघू."

मी मान हलवली. खरं सांगते, मी हो म्हणूनच हलवली होती. डोळे भरून आले होते आणि ह्यांचं तोंड बघायची इच्छा नव्हती.

कपडे भरायला आतल्या खोलीत गेले, तर हे खिडकीशी पाठमोरे उभे होते. उजवा हात रुमालात गुंडाळलेला. रुमाल लाल झाला होता.

"काय झालं?"

"दाराच्या फटीत सापडला."

चिडले तरी रक्त बघून मी हळद आणली. रुमाल सोडला. अंगठ्याचं नख मुळापासून उपटलं होतं. मधल्या बोटाच्या नखाखाली लाकडाची कूस शिरली होती, चांगली अर्ध्या पेराएवढी. मी सुई तापवली, दिव्याजवळ त्यांचा हात धरला आणि कूस काढली.

सागवानाची होती. एका बाजूला काळं पॉलिश.

ते पॉलिश मी ओळखलं. तीन महिने माझ्या हाताला त्याचाच वास होता.

मी ती कूस तळहातावर घेऊन बसून राहिले. आमच्या घराच्या कुठल्याच दाराला काळं पॉलिश नव्हतं. मग एकेक गोष्ट आपोआप पुढे येत गेली. मृगेंद्रांनी दोनदा सांगितलेली तलवारीची गोष्ट. कोल्हापूरची लांबलेली तारीफ. खुर्चीच्या काठावर आलेले हे. गाढव पेटीच्या भोवती फिरतं, पेटीच्या पायाशी लोळतं, पेटीला तोंड लावतं. रंगमंचाच्या दुसऱ्या कुठल्या कोपऱ्यात एकदासुद्धा जात नाही. आणि त्या पोरीचे निळे ओठ, सोललेली पेरं.

मी ती कूस दिव्याजवळ नेऊन पुन्हा बघितली.

"काय बघतेस?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि अंगठ्याला चिंधी बांधली. मी विचारलं असतं तर ते खोटं बोलले असते, आणि त्यांना आणखी एकदा खोटं बोलायला लावायचं नव्हतं.

बाहेरच्या खोलीत आले. अण्णा पिशवीची वाट बघत होते.

"अण्णा, मी येत नाही."

"का?"

"सांगता येणार नाही."

"सांगता येणार नाही म्हणजे? धमकी दिली का त्यांनी आत?"

"नाही. त्यांनी मला काहीच सांगितलं नाही. पण मी इथंच राहणार. आणि अण्णा, ह्यांचं काही चुकलेलं नाही."

आयुष्यात मी त्यांना पहिल्यांदाच नाही म्हणत होते. लाज वाटायला हवी होती, भीती वाटायला हवी होती. पण मला आतून इतका अभिमान दाटून आला होता, की तोंड उघडलं तर सगळं बाहेर पडेल अशी धास्ती वाटत होती. मला ओरडून सांगायचं होतं, की ज्याला तुम्ही गाढव समजताय त्याने आज काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे का! आणि तेच सांगता येत नव्हतं. लग्नाच्या पहिल्या आठवड्यातलं ह्यांचं बोलणं मला त्या वेळी समजलं.

सकाळी सातच्या गाडीने ते तिघेच गेले. अण्णांनी निघताना ह्यांच्या नमस्काराला आशीर्वाद दिला, पण शब्द तोंडातल्या तोंडात.

अकराच्या सुमाराला दुकानात मृगेंद्र आले. बरोबर ललिता, आणि दारात टेम्पोवर ती पेटी. अंगात साधा सदरा, डोक्यावर फेटा नाही, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे. आत आले आणि एवढा मोठा माणूस सरळ ह्यांच्या पायांवर वाकला.

"अहो, काय करताय!" ह्यांनी त्यांना धरलं आणि माझ्याकडे वळले. "हेमा, तू जरा आत जा." मग मृगेंद्रांना म्हणाले, "हिला काही माहीत नाही."

मी जागची हलले नाही. "खिटी खालची अडकली की वरची?" मी विचारलं.

हे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच रुमालातून बाहेर पडले आहे.

"खालची," शेवटी हे म्हणाले. "तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या नखाने."

मृगेंद्र मटकन स्टुलावर बसले. मग सगळं कळलं. पेटी आतून कशी होती ते मी आजही सांगणार नाही. एवढंच सांगते, की बाहेर निसटायची वाट एका पितळी खिटीवर होती. बेळगावहून येताना टेम्पोवर ताडपत्री नीट बांधली नव्हती, पाऊस लागला, लाकूड फुगलं. ललिता अर्ध्या वाटेत फळ्यांमध्ये अडकली. ना पुढे जाता येईना, ना मागे. छाती दाबली गेली. वरून झाकण उघडलं असतं, तर फळी आणखी आवळली असती. ती सुटली की आतून दोनदा टकटक करायची, मगच पहिली तलवार जायची. ती टकटक आलीच नाही.

"पण पडदा का नाही पाडला?" मी विचारलं. "पडद्यामागे निवांत सोडवली असती."

"पडदा पडला की आरडाओरडा," हे म्हणाले. "लोक वर धावतात. आतल्या पोरीला वाटतं, आता काही खरं नाही. घाबरली की हातपाय झाडते, आणि होता तेवढा श्वासही जातो. तिला वाटायला पाहिजे होतं, की खेळ चाललाय."

मग ललिता बोलू लागली.

"मला बाहेरचं हसू ऐकू येत होतं, वहिनी. मी बोटांनी ठोकायला धडपडत होते, पण हात हलत नव्हता. म्हटलं, संपलं. आणि मग लोक एवढे हसायला लागले. मला वाटलं, एवढे हसतायत म्हणजे काकांनी काहीतरी योजलंय. आणि गाढव ओरडायचं थांबलं की फळीला तोंड लावून दादा बोलायचे, 'पोरी, खांदा सैल सोड. घाई नाही. मी आहे हितं.' पुन्हा ओरडायचे, पुन्हा बोलायचे, आणि बाहेरून नखांनी खिटी उकरत राहायचे. शेवटी म्हणाले, 'आता डावीकडे सरक.' आणि मी सरकले."

ह्यांनी उगाचच कड्यांचा जुडगा उचलून पुसायला घेतला.

"टेम्पोवर ताडपत्री दुहेरी घालत जा," हे मृगेंद्रांना म्हणाले. "आणि पेटी दोन दिवस ठेवून जा. खिटी बदलतो."

"गावभर तुमचं हसं झालं हो," मृगेंद्र म्हणाले. "मी गुजरीतून येत होतो तर पोरं दुकानाकडे बघून ओरडत होती. मी पेपरात देतो खरं काय ते."

"काही देऊ नका. तुमचा खेळ बंद पडेल. हिचं पोट त्यावर आहे."

त्या दुपारी दुकान उघडं ठेवून हे मागच्या खोलीत गेले आणि मला हाक मारली. पेटीवरची शाल काढली. "ये. खालची खिटी कुठली ते दाखवतो. ओळखलीसच आहेस, तर आता नीट बघ."

तिथून मी शिकले. आधी कानशीने घासायला, मग डाग देऊन पितळ जोडायला, मग मोजमाप घ्यायला. पुढे तीस वर्षं आम्ही दोघांनी दुकान चालवलं आणि ह्यांच्या माघारी आणखी अकरा वर्षं मी एकटीने. पोतदारांच्या पेटीचा सांधा सापडत नाही, असं जादूगार अजून म्हणतात. त्यातल्या पुष्कळ पेट्या माझ्या आहेत. पण कुठल्या, ते कोणालाच माहीत नाही, आणि असायला नको.

गाढव मात्र ह्यांना चिकटलं ते चिकटलंच. गुजरीत पोरं ओरडायची, हे हात करायचे. कोणत्याही लग्नाला, बारशाला गेलो, की दाजी हमखास म्हणायचे, "पोतदार, होऊन जाऊ द्या तुमचं ते!" आणि हे करायचे. मनापासून करायचे. मी शेजारी उभी राहून हसायचे. पहिली एक-दोन वर्षं लोक मला बिचारी म्हणाले. मग माझं तोंड बघून त्यांनी ते सोडून दिलं.

सात वर्षांनी अक्काच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. विट्याला, मांडवात. पंगत बसायच्या आधी दाजींनी वराकडच्या पाहुण्यांना गोळा केलं. "आमचे साडू बघा, फार मोठे कलाकार! हं पोतदार!"

हे हसत उठले, आणि पाहुणे पोट धरून हसायला लागले. मीही हसत होते. तेवढ्यात अण्णांचा हळू आवाज आला. ते निवृत्त झाले होते, थकले होते, पण आवाज तोच होता.

"पुरे. माझ्या जावयांना बसू द्या आता."

अण्णांनी मला हाताने बोलावलं आणि बाजूच्या खोलीत नेलं.

"हेमे, त्या दिवशी ती मुलगी तुझ्या शेजारून गेली, तेव्हा मीही बघत होतो. तिला धाप लागली होती. मी तेव्हा रागात होतो. गेली सात वर्षं मधूनमधून ते आठवतं." ते थांबले. "त्या पेटीत काही बिघडलं होतं का?"

माझे वडील समोर उभे होते. मला सांगायचं होतं. सात वर्षं सांगायचं होतं.

"कुठल्या पेटीत, अण्णा?" मी म्हटलं.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांचे डोळे हळूहळू मिचमिचे झाले.

"पस्तीस वर्षं पोरांना प्रश्न विचारले मी," ते म्हणाले. "ज्याला उत्तर येत नाही त्याचा चेहरा वेगळा. ज्याला येतं आणि सांगायचं नसतं, त्याचा वेगळा. बरं. नको सांगूस."

ते बाहेर गेले. पंगतीत व्याह्यांच्या शेजारी त्यांचं पान मांडलेलं होतं, चांदीच्या फुलपात्रासह. ते तिथं थांबलेच नाहीत. सगळी पंगत ओलांडून पार टोकाला गेले, जिथं हे बसले होते, आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "जरा सरका. मला इथं बसायचंय."

हे गडबडून उठायला लागले. अण्णांनी त्यांचा उजवा हात धरून त्यांना खाली बसवलं. अंगठ्याचं नख परत आलं होतं, पण वाकडं. अण्णांनी ते पाहिलं. हात मात्र लगेच सोडला नाही. वाढपी वरण घेऊन समोर उभा होता, आणि अण्णा त्याला म्हणाले, "आधी ह्यांना."